केवटभोग : जलचरांच्या अभयाचा एक जुना शब्द

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील शिलालेखांमध्ये देवटेक येथील एका शिळेला वेगळे महत्त्व आहे. देवटेक हे आज चंद्रपूर जिल्ह्यात मोडते. पण प्राचीन भूगोलाच्या दृष्टीने ते पवनीच्या दक्षिणेकडच्या टापूतले, म्हणजे वैनगंगेच्या संस्कृतीचेच गाव. या एकाच शिळेवर दोन लेख आहेत. एक मौर्यकालीन ब्राह्मीत, दुसरा त्यानंतर सुमारे सहा शतकांनी कोरलेला, वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या दोन्ही लेखांचा उलगडा केला. जुना लेख खंडित आहे. परंतु त्याचा आशय पुरेसा स्पष्ट आहे. चिकम्बरी (आजचे चिकमारा) येथील अधिकाऱ्याला उद्देशून ‘स्वामी’ची ती आज्ञा आहे : प्राण्यांना पकडू नये, मारू नये, जो तसे करील तो दंडास पात्र. लेखात चौदाव्या वर्षाचा उल्लेख येतो. अशोकाने आपल्या पाचव्या गिरिलेखात राज्याभिषेकानंतर तेरा वर्षांनी धर्ममहामात्र नेमल्याचे सांगितले आहे. या दोन गोष्टींचा मेळ घालून मिराशींनी देवटेकचा लेख अशोकाच्या धर्ममहामात्राचा ठरवला.

पुढे रुद्रसेनाने आपल्या धर्मस्थानाचा, म्हणजे देवालयाचा, लेख कोरण्यासाठी हीच शिळा वापरली, आणि तसे करताना जुन्या लेखाची काही अक्षरे छिनली गेली. रुद्रसेन शैव होता. सहा शतकांपूर्वीची ती आज्ञा त्याच्या काळी कोणाला वाचताही येत नसावी. प्राण्यांना अभय देणाऱ्या, विदर्भात सापडलेल्या या सर्वांत जुन्या राजाज्ञेचे असे झाले.

भंडारा जिल्ह्यातल्या मराठीच्या विद्यार्थ्याला ही हकीकत सहसा ठाऊक नसते. पवनीचे स्तूप त्याने ऐकलेले असतात. जगन्नाथ टेकडीचे १९६९-७० चे उत्खनन (नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांचे, शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखालील) हेही एखादा प्राध्यापक वर्गात सांगतो. पण त्या स्तूपांच्या परिसरात राज्यकर्त्याने मुक्या जिवांविषयी काही कायदा केला होता, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकातून मराठीच्या वर्गापर्यंत पोहोचलेली नाही. माझ्या मते ती पोहोचायला हवी, आणि त्याचे कारण निव्वळ प्रादेशिक अभिमान हे नाही. संकटग्रस्त जलचर सस्तन प्राण्यांसाठी (डॉल्फिन, देवमासा, समुद्रगाय) राखीव क्षेत्रे निर्माण करण्याविषयी आज जी चर्चा चालते, तिच्यातले जवळजवळ सगळे पेच या जुन्या आज्ञांमध्ये बीजरूपाने आहेत.

देवटेकची आज्ञा सर्वसाधारण आहे. प्राण्यांची नावे तीत नाहीत. नावे आहेत ती अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी, म्हणजे सुमारे इ.स.पू. २४३ मध्ये, कोरवलेल्या या लेखात अवध्य प्राण्यांची यादीच दिली आहे. तीत पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, गेंडा, पांढरे कबूतर असे पुष्कळ जीव येतात. त्यांत ‘गंगापुपुटक’ असे एक नाव आहे. ते कोणाचे, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. तथापि ते गंगेतील डॉल्फिनचे असावे, असे मत अनेकांनी मांडले आहे. तसे असेल, तर पाण्यातल्या सस्तन प्राण्याला नाव घेऊन दिलेले हे जगातल्या अत्यंत जुन्या अभयांपैकी एक ठरते.

मला मात्र या लेखातला दुसरा एक शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. विशिष्ट तिथींना मासे मारू नयेत, विकू नयेत, असे सांगून अशोक पुढे म्हणतो की, त्याच दिवशी नागवनात आणि ‘केवटभोगा’त इतर जीवही मारू नयेत. नागवन म्हणजे हत्तींचे राखीव वन. केवटभोग म्हणजे कैवर्तभोग, कोळ्यांचे राखीव जलक्षेत्र. केवट हा शब्द आपल्याला परका नाही. रामकथेतला केवट सर्वांना ठाऊक आहे, आणि नदीवर जगणाऱ्या जातींत हे नाव आजही आढळते. प्रश्न उरतो तो ‘भोग’ या शब्दाचा. हा भोग कोणाचा? कोळ्यांनी उपभोगायचे पाणी की कोळ्यांकडून राजाने महसूल घ्यायचे पाणी? संस्कृत-प्राकृत लेखांत ‘भोग’ हा शब्द दोन्ही अर्थच्छटांनी येतो. एकाच समासात कोळ्याची उपजीविका, राजाचा हक्क आणि जलचरांचे काही दिवसांपुरते अभय अशा तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्या तिन्हींचा आपसातला तंटा अजून मिटलेला नाही.

अशोकाने पाणी कायमचे बंद केले नाही, तिथी ठरवल्या, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आज १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या न लोटण्याची कोळ्यांची चाल त्याहून जुनी आहे. काळाने बांधलेले अभय आणि क्षेत्राने बांधलेले अभय या दोन वेगळ्या कल्पना आहेत. आपल्या परंपरेत पहिली अधिक रुजली, दुसरी राजाच्या हातात राहिली.

दुसरीचा तपशील कौटिल्यात मिळतो. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सूनाध्यक्षाचे, म्हणजे खाटिकखान्यावरील अधिकाऱ्याचे, प्रकरण आहे. अभयाचे नियम याच अधिकाऱ्याकडे सोपवलेले आहेत, यात विसंगती वाटली तरी व्यवहाराची जाण आहे. मारण्यावर ज्याची देखरेख, न मारण्यावरही त्याचीच. या प्रकरणात ‘अभयवन’ हा शब्द येतो. अभयवनातील मृग, पशू, पक्षी, मत्स्य यांना बांधणाऱ्यास, मारणाऱ्यास उत्तम साहसदंड सांगितला आहे. पण लगेच पुढे, अभयवनाच्या परिसरात कुटुंब करून राहणाऱ्यांनी हाच गुन्हा केला तर मध्यम दंड. बाहेरून शिकारीला आलेला आणि तिथेच चूल मांडून राहिलेला यांत कायद्याने फरक करावा, हे कौटिल्यासारख्या कठोर मानल्या गेलेल्या शास्त्रकाराला सुचले होते. अवध्यांच्या यादीत हत्ती, घोडा, पुरुष, बैल, गाढव यांच्या आकाराचे समुद्रातले ‘मासे’ही येतात. पुरुषाकृती मासा म्हणजे समुद्रगाय असेल काय? तर्काला जागा आहे. निश्चय करण्याइतका पुरावा नाही. अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे रा. पं. कंगले हेच ‘रस-भाव-विचार’चे कर्ते, एवढे सांगितले तर मराठीचे विद्यार्थी कदाचित या ग्रंथाकडे थोड्या आपुलकीने वळतील.

आता शब्दांकडे. संस्कृतात डॉल्फिनला शिंशुमार अथवा शिशुमार म्हणतात. ऋग्वेदात अश्विनांच्या रथाला वृषभाबरोबर शिंशुमार जुंपलेला आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात सबंध तारामंडळ शिशुमाराच्या आकाराचे कल्पिले असून त्याच्या शेपटाच्या टोकाशी ध्रुव आहे. जैन आगमांत पंचेंद्रिय जलचरांचे पाच प्रकार सांगितले आहेत : मच्छ, कच्छभ, गाह, मगर आणि सुंसुमार. म्हणजे सुंसुमार हा मगरीहून वेगळा, हे त्या वर्गीकरणकारांना पक्के ठाऊक होते. हिंदीत या शब्दाचे ‘सूँस’ झाले आणि अर्थ टिकला. मराठीत त्याचे ‘सुसर’ झाले आणि अर्थ पालटला. मोल्सवर्थच्या कोशात सुसर ही मगरीच्या जातीचीच आहे. याचे कारण माझ्या मते सरळ आहे. गंगेचा डॉल्फिन गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत राहतो. गोदावरीत, वैनगंगेत तो नाही. शब्द विंध्य ओलांडून आला, प्राणी आला नाही. मग लांब तोंडाच्या, दातांच्या, नदीत राहणाऱ्या दुसऱ्या एका प्राण्याला तो शब्द चिकटला. ज्याच्या नावाने भाषेला जाग होती तो प्राणीच भाषेतून नाहीसा झाला, आणि आज मराठीत आपल्याला ‘डॉल्फिन’ असे इंग्रजी नावच वापरावे लागते.

‘देवमासा’ या शब्दाची गोष्ट वेगळी. त्यात आदर आहे, भीती आहे. पण मासा हा वर्गही आहे. लिनियसने १७५८ मध्ये देवमाशांना सस्तन प्राण्यांत घातले, तरी १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात देवमासा हा मासा आहे की नाही यावर खटला चालला आणि ज्यूरीने तो मासाच आहे, असा निवाडा दिला! वाद होता माशाच्या तेलावरील तपासणी-शुल्काचा. वर्गीकरण हे कोशकारांचे करमणुकीचे काम नसून त्यावर कोणाचा तरी पैसा आणि कोणाचा तरी जीव अवलंबून असतो, एवढे या खटल्यावरून कळावे.

मराठी साहित्यात अभयाचा सर्वांत हृद्य प्रसंग अर्थातच लीळाचरित्रातला. पारध्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली शिरतो, पारधी तो मागतात, आणि शरण आलेल्याला आपण देत नाही असे सांगून चक्रधर त्यांचेच मन वळवतात. चक्रधरांच्या पहिल्या अनुयायांपैकी नीळभट भांडारेकार हे भंडाऱ्याचेच, म्हणून आपल्याकडे या ग्रंथाविषयी जवळीक अधिक. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता या लीळेतले अभय व्यक्तीपुरते आहे. जो सापडला, शरण आला, त्याला. देवटेकच्या शिळेवरचे अभय प्रदेशाचे आहे. दिसणाऱ्या सशाबद्दल करुणा उपजते. खोल पाण्यातल्या, कधी न दिसलेल्या प्राण्याबद्दल ती उपजत नाही. त्याच्यासाठी कायदाच लागतो.

स्वतंत्र भारतात हा कायदा १९७२ मध्ये आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत गंगेतील डॉल्फिन आणि समुद्रगाय यांना स्थान मिळाले. १९९१ मध्ये बिहारात सुलतानगंज ते कहलगाव या गंगेच्या टप्प्यात विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य झाले; २००९ मध्ये डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर ठरवण्याचा निर्णय झाला. अशोकाच्या यादीनंतर बावीसशे वर्षांनी, त्याच नदीत. २०२५ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत देशातल्या नद्यांत ६,३२७ डॉल्फिन मोजले गेले. त्यांतले सिंधूच्या खोऱ्यातले अवघे ३.

महाराष्ट्रात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसमंतात, २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्रावर जाहीर झाले. ते मुख्यतः प्रवाळांसाठी. परंतु त्या किनाऱ्यावर कुबडे डॉल्फिन नित्य दिसतात आणि ती जात जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. ‘सागरी अभयारण्य’ या नावातच अडचण आहे, हे भाषेच्या अभ्यासकाला चटकन जाणवेल. अरण्य समुद्रात नसते. कायदा मुळात वाघाच्या, जंगलाच्या कल्पनेवर बेतलेला. तोच पाण्यावर पसरला. जंगलाला सीमा आखता येते, पहारा देता येतो, माणसे बाहेर काढता येतात (त्यात जे अन्याय झाले त्यांची चर्चा इथे नको). पाण्यात मासा आणि मच्छीमार दोघेही रेषा मानत नाहीत. मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला सातत्याने विरोध केला तो प्राण्यांच्या द्वेषाने नव्हे. आपले पाणी आपल्याला न विचारता राखीव झाले, ही त्यांची तक्रार होती. केवटभोगातला ‘भोग’ कोणाचा, हा तोच प्रश्न.

२००२ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘संवर्धन राखीव’ आणि ‘सामुदायिक राखीव’ असे दोन नवे प्रकार आले. संवर्धन राखीव सरकारी मालकीच्या क्षेत्रावर असते, पण ते जाहीर करण्यापूर्वी स्थानिकांशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे, त्यासाठीच्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात, आणि अभयारण्याप्रमाणे लोकांचे हक्क संपवण्याची प्रक्रिया यात नाही. कौटिल्याचा मध्यम दंड मला इथे आठवतो. भूप्रदेशाबरोबर सागरप्रदेशाचाही या कलमात उल्लेख आहे. तरीही समितीत शेती आणि पशुसंवर्धन खात्यांचे प्रतिनिधी सांगितले आहेत, मत्स्यव्यवसाय खात्याचा नाही! कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून जमीनच होती.

महाराष्ट्रात या कलमाखाली नाशिकजवळचे बोरगड २००८ मध्ये आणि गडचिरोलीतले रानम्हशींचे कोलामार्का २०१३ मध्ये राखीव झाले. जलचर सस्तनांसाठी या तरतुदीचा ठळक उपयोग मात्र तमिळनाडूने केला. २१ सप्टेंबर २०२२ रोजी पाल्कच्या उपसागरात, तंजावर व पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत, ४४८ चौरस किलोमीटरचे समुद्रगायींचे संवर्धन राखीव जाहीर झाले. हा प्राणी समुद्रतळावरचे गवत चरतो. त्याला वाचवायचे म्हणजे ते गवत वाचवायचे, आणि गवत वाचवायचे म्हणजे तळ खरवडणारी जाळी थांबवायची. भारतात समुद्रगायी जेमतेम दोन-अडीचशे उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे. तिची मोठी बहीण, उत्तर पॅसिफिकमधली स्टेलरची समुद्रगाय, १७४१ मध्ये विज्ञानाला माहीत झाली आणि १७६८ पर्यंत शिकाऱ्यांनी ती संपवली. सत्तावीस वर्षे!

राखीव क्षेत्राने प्राणी वाचतोच असे नाही. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात वाकिटा नावाच्या लहानग्या शिंशुकासाठी १९९३ मध्ये राखीव क्षेत्र झाले. १९९७ मध्ये ते सुमारे ५६७ होते, आज दहाच्या आसपास आहेत. त्यांना कोणी मारत नव्हते. दुसऱ्या एका माशासाठी लावलेल्या जाळ्यांत गुदमरून ते मेले. सस्तन प्राण्याला श्वासासाठी वर यावे लागते, आणि जाळ्यात अडकल्यावर त्याला ते जमत नाही. म्हणून खरा प्रश्न रेषेचा नसून जाळ्याचा आहे. आणि जाळे गरिबाचे असते.

या दृष्टीने महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून सुरू केलेली योजना मला कोणत्याही सीमारेषेपेक्षा मोलाची वाटते. संरक्षित जलचर जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. इथे अभय देणारा राजा नाही. जाळ्याजवळचा माणूस आहे, आणि त्याचे नुकसान समाज भरून देतो. चक्रधरांच्या लीळेतला पारधी आणि देवटेकची राजाज्ञा या दोहोंच्या मधली ही जागा आहे. तिच्या मर्यादाही आहेत. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जून २०१५ मध्ये जिवंत येऊन लागलेला निळा देवमासा कोणाच्या जाळ्यातला नव्हता. त्याला कोणी वाचवू शकले नाही. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून दूर असलेले आंग्रिया बँक हे प्रवाळक्षेत्र, कान्होजींचे नाव मिरवणारे, राज्याच्या सागरी हद्दीबाहेर पडते. तिथे १९७२ च्या कायद्याचे अभयारण्य करता येत नाही.

आता वैनगंगेकडे. इथे डॉल्फिन नाही, समुद्रगाय नाही. पाण्यातला सस्तन प्राणी आहे तो पाणमांजर, जुन्या मराठीत ऊद. संस्कृत ‘उद्र’पासून आलेला हा शब्द इंग्रजी आणि ग्रीक भाषांतल्या आपल्या नातलगांसकट चार हजार वर्षे टिकला आहे, सुसरीसारखा तो भलत्याला चिकटला नाही, कारण प्राणी इथेच होता. भंडारा-गोंदियाच्या नद्यांमधून तो आजही आहे. नागझिरा, कोका, उमरेड-कऱ्हांडला ही आपल्या भोवतालची अभयारण्ये वाघासाठी ओळखली जातात. उदासाठी राखीव असे क्षेत्र जिल्ह्यात नाही. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ मध्ये पवनी तालुक्यात बसली, आणि त्यानंतर नदीचा जो भाग जलाशय झाला त्यात ढिवर-भोयांचे डोह, घाट, जाळी टाकण्याच्या नेमक्या जागा बुडाल्या. उदाच्या नदीकाठच्या बिळांचे काय झाले असेल, हे वेगळे सांगायला नको. दोघेही एकाच माशावर जगणारे, आणि दोघांनाही कोणी विचारले नाही.

मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या काठावर माधवराव पाटील डोंगरवारांकडून, गोंड-ढिवरांकडून पाखरांची नावे गोळा केली, म्हणून ती मराठीत आली. पाण्यातल्या प्राण्यांच्या नावांचे तसे काम वैनगंगेवर अजून व्हायचे आहे. डोहांची नावे, माशांची नावे, जाळ्यांचे प्रकार, उदाविषयीच्या समजुती हे सारे सांगू शकणारे ढिवर म्हातारे आज पवनी, मोहाडी, तुमसर तालुक्यांत आहेत. एम.ए.च्या लघुप्रबंधांचे विषय दरवर्षी जाहीर होतात; त्यांत हा एक घालायला विद्यापीठाची वेगळी परवानगी लागत नाही.